बॅगांपाशी कोण बसणार

“सहल निवांत झाली पाहिजे,” श्रीरंग म्हणाला आणि त्याने खोलीचं दार लावून घेतलं.

दार लावायची काही गरज नव्हती. सासूबाई भजनी मंडळात गेल्या होत्या, सहा वर्षांची रेवा शेजारी खेळत होती आणि तीन वर्षांचा निषाद पलंगावर आडवातिडवा झोपला होता. पण त्या दिवसांत आम्ही नवराबायको स्वतःच्याच घरात चोरासारखे बोलायचो. आम्ही विश्रामबागेत फ्लॅट घेतला होता. मेमध्ये ताबा मिळणार होता, जूनपासून रेवाची नवी शाळा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर येणार होती. सगळं ठरलं होतं. फक्त सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं.

आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात. तिथून विश्रामबाग म्हणजे रिक्षाने जाण्याइतकं जवळ. पण श्रीरंग एकुलता एक, सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि सासूबाई गावभाग सोडून कुठे येतील ही आशाच नको. कृष्णेच्या पुराचं पाणी पायरीला लागलं होतं तेव्हासुद्धा त्या माडीवर बसून चहा पीत होत्या. तेव्हा सरळ सांगायचं तर आम्ही म्हाताऱ्या आईला एकटं सोडून जाणार होतो. शाळा हे लोकांना सांगायचं कारण होतं. मला माझं स्वयंपाकघर हवं होतं, हे खरं कारण होतं. त्याची मला लाज वाटत होती, पण स्वयंपाकघर हवंच होतं.

“घरी सांगितलंस तर काय होईल?” मी विचारलं.

“घरी काही सांगायला गेलं की ती उठून कुकर लावते. शिट्ट्यांमध्ये असलं काही सांगता येतं का? थीम पार्कात ती उठून जाणार कुठे? चारी बाजूंनी कुंपण आहे.”

श्रीरंग ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. कुठलीही गोष्ट अभ्यासक्रमात बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लहान मुलांना घेऊन थीम पार्कची निवांत सहल कशी करावी, यावर त्याने इंटरनेटवर मिळेल ते वाचून काढलं होतं. सुट्टीचा वार टाळायचा. सगळं बघायचा हट्ट धरायचा नाही. मोठे पाळणे मोठ्यांनी विसरायचे. दुपारी मुलांना सावलीत झोपवायचं. ती झोपली की आपणही हातपाय पसरायचे.

“आणि तेव्हा सांगायचं,” तो म्हणाला. “पोट भरलेलं, मुलं झोपलेली, वर सावली. वाईट बातमी ऐकायला माणूस आधी निवांत पाहिजे.”

“सांगणार कोण?”

“मी. माझी आई आहे.”

हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

संध्याकाळी सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा त्याने विषय काढला.

“पाळण्यांचं पार्क?” आई म्हणाल्या. “मी काय करू तिथे?”

“काही करायचं नाहीस. नुसतं बसायचंस.”

“बॅगांपाशी ना?”

आमच्या घरात हे कधी ठरवावं लागत नसे. महाबळेश्वर असो, गणपतीपुळे असो, आम्ही सगळे पॉइंट बघायला जायचो, समुद्रात शिरायचो, आणि आई बॅगांपाशी बसायच्या. परत येताना दर वेळी कुणीतरी हळहळायचं की आईंना बिचाऱ्यांना काही बघायलाच मिळालं नाही. हळहळून झालं की पुढच्या सहलीला आम्ही पुन्हा बॅगा त्यांच्या पुढ्यात ठेवायचो.

या वेळी माझं मन खात होतं, म्हणून मी म्हणाले, “आई, तिथे लॉकर असतात. बॅगा त्यात टाकू. तुम्ही आमच्याबरोबर फिरा की.”

“लॉकरला किल्ली असते,” आई लगेच म्हणाल्या. “किल्ली हरवते. मी बसते की. सावली आहे का तेवढं विचारून ठेव.”

मला फार अपराधी वाटलं. श्रीरंगला तर इतकं वाटलं की तो उठून मेथी निवडायला बसला आणि त्याने देठांसकट सगळी भाजी एक केली.

फेब्रुवारीत, मधल्या वारी, रेवाची शाळा बुडवून आम्ही निघालो. पार्कचं नाव मायालोक. पुण्याच्या अलीकडे, हायवेला लागूनच. रात्री जवळच्या हॉटेलात राहायचं आणि सकाळी निवांत आत शिरायचं, असा बेत होता. रेवाला निवांत या शब्दाचा अर्थ माहीत नसल्यामुळे ती पहाटेच उठून बूट घालून दारात उभी राहिली. निषादने नाश्त्याच्या वेळी शिरा कानात घातला. आम्ही गेट उघडायच्या आधीच गेटवर होतो.

बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती. फक्त लहान बाळाचं चालेल, असं पाटीवर लिहिलं होतं. आईंच्या पिशवीतून गार्डने डबा काढला.

“हे बाळाचं खाणं,” आई म्हणाल्या.

गार्डने झाकण उघडलं. चुरमुऱ्यांच्या भडंगाचा, म्हणजे लसणाचा आणि तिखटाचा, वास रांगेत मागेपर्यंत गेला.

“बाळ केवढं आहे?”

“तीन वर्षांचं.”

“आणि हे खातं?”

“सांगलीचं आहे,” आई म्हणाल्या.

गार्डने निषादकडे पाहिलं. निषादने डब्यात हात घालून मूठभर भडंग तोंडात कोंबलं. गार्डने डबा परत दिला.

आत गेल्यावर सिमेंटचा एक मोठा डोंगर होता. त्यातून धबधबा पडत होता आणि धबधब्यामागून कुठलंसं गाणं वाजत होतं. त्या खोट्या डोंगराच्या पायथ्याशी एक खरं करंजाचं झाड होतं. आईंनी ते आमच्या आधी हेरलं. पिशवीतून चटई निघाली, छोटी उशी निघाली, चहाचा थर्मास निघाला, शब्दकोड्यांची पुरवणी आणि पेन्सिल निघाली. बॅगा त्यांनी तीन बाजूंनी रचून घेतल्या.

“जा आता,” त्या म्हणाल्या. “घाई करू नका.”

पहिला तास ठरल्याप्रमाणे गेला. आम्ही मुलांना घेऊन झुकझुक गाडीत बसलो, फिरत्या कपांत बसलो. श्रीरंगला गरगरतं. कोल्हापूरला जातानासुद्धा तो पुढच्याच सीटवर बसतो. वर्तुळाकार गतीवर तो वर्षानुवर्षं शिकवत आला होता, पण स्वतः मुलांच्या घोड्यांच्या चक्रावर तो घोडा धरून डोळे मिटून बसला होता.

झाडाखाली परत आलो तेव्हा आई कोडं सोडवत होत्या. श्रीरंग त्यांच्याजवळ बसला. मी रेवाला मुद्दाम जरा लांब नेलं.

“आई,” तो म्हणाला.

“काय रे?”

मी लांबूनच कान दिला.

“पाणी आहे का?”

त्यांनी बाटली दिली. तो पाणी प्यायला आणि डोंगराच्या पलीकडे बघत म्हणाला, “ते उंच आहे ना, ते मी जरा बघून येतो.”

ते उंच म्हणजे एक मनोरा होता. माणसांना खुर्चीत बांधून टोकाला न्यायचे आणि तिथून सोडून द्यायचे. मला वाटलं हा खाली उभा राहून बघून येईल. थोड्या वेळाने टोकावरच्या खुर्च्यांच्या ओळीत मला त्याचा निळा शर्ट दिसला. मग तो दिसेनासा झाला आणि खालून बऱ्याच किंकाळ्या ऐकू आल्या.

परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

“आई,” तो म्हणाला.

“काय रे?”

“ते... पलीकडचं पण चांगलं दिसतंय.”

पलीकडच्यात माणसं उलटी व्हायची. तोही झाला. त्यानंतर पाण्यात आपटणाऱ्या होडीत बसला. मग अंधाऱ्या बोगद्यातून धावणाऱ्या डब्यात. दर वेळी तो झाडाशी यायचा, आई म्हणायचा, त्या काय रे म्हणायच्या, आणि तो पुढचा पाळणा निवडायचा. मोठे पाळणे मोठ्यांनी विसरायचे, हे त्याने स्वतःच मला वाचून दाखवलं होतं. आईशी दोन वाक्यं बोलायला नकोत म्हणून माझ्या नवऱ्याने मायालोकातलं एकही यंत्र सोडलं नाही. मला त्याची कीव येत होती आणि त्याला धरून हलवावंसंही वाटत होतं. हलवायची गरज मात्र नव्हती. ते काम पार्क करत होतं.

“आज याला काय झालंय?” आई म्हणाल्या. “लहानपणी झोपाळ्यावर बसत नव्हता.”

“मजा येत असेल,” मी म्हणाले.

“हं,” आई म्हणाल्या आणि कोड्यातलं एक उत्तर खोडून पुन्हा लिहिलं.

दुपार झाली. आम्ही आळीपाळीने उपाहारगृहात जाऊन जेवून आलो. श्रीरंग फक्त ताक प्यायला आणि पुन्हा नाहीसा झाला. मुलं चटईवर झोपली. पोटं भरलेली होती, वर सावली होती, सगळा अभ्यासक्रम जसाच्या तसा जुळून आला होता, आणि मास्तर डोंगराच्या पलीकडे कुठेतरी किंचाळत होते. संध्याकाळी घरी निघायचं होतं. घरी गेलं की कुकर होता.

मीच सांगायचं ठरवलं. आई रडल्या तर काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. चिडल्या तर काय, गप्प झाल्या तर काय, तेही ठरलं होतं.

“आई,” मी म्हणाले, “तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“किती मजल्यांची आहे बिल्डिंग?” त्यांनी विचारलं. नजर कोड्यावरच होती.

मी वळून मुलं झोपली आहेत ना ते पाहिलं.

“रेवा सांगत होती. तिच्या खोलीला पिवळा रंग देणार आहात म्हणे. पिवळा लवकर मळतो.”

“कधी सांगितलं तिने?”

“दिवाळीत.”

म्हणजे आम्ही दारं लावून कुजबुजत होतो ते सगळे महिने त्यांना माहीत होतं. मी एकदम बोलायला लागले. शाळा जवळ पडते, आम्ही कायम येत राहू, दुपारचं जेवण मी पाठवत जाईन, कामाला दिवसभराची बाई ठेवू, आणि तुम्हाला आमच्याकडेच यावंसं वाटलं तर हॉलमध्ये...

“वृंदा,” आई म्हणाल्या, “जेवण पाठवू नकोस.”

“का?”

“मला नकोय.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि अर्धा मला दिला.

“मीच तुम्हाला सांगणार होते,” त्या म्हणाल्या. “इथे आल्यावर सांगू, निवांतपणी, असं ठरवून आले होते. माहेरी आम्ही मोठं खटलं. लग्न होऊन आले ते त्याहून मोठ्या खटल्यात. मग श्रीरंगचं, मग यांचं आजारपण, मग तुमचं. मी अख्ख्या आयुष्यात एक दिवससुद्धा घरात एकटी राहिलेली नाही. सकाळी उठायचं, चहा करायचा, तो गरम असताना प्यायचा आणि मग कुणासाठीही उठायचं नाही. असं असतं कसं, ते मला बघायचंय.”

“आमचा त्रास होतो का तुम्हाला?” मी विचारलं.

“त्रास नाही गं,” आई म्हणाल्या. “आवाज होतो.”

मला राग आला. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, कारण मला हवं होतं तेच त्या देत होत्या. पण गेले कित्येक महिने मी त्यांच्यासाठी आतल्या आत झुरत होते. आम्ही गेल्यावर त्या रिकाम्या घरात कशा बसतील, कुणासाठी भाजी निवडतील, हे डोळ्यांपुढे आणून मी दोनतीनदा न्हाणीघरात रडलेही होते. आणि या बाई आमची जायची वाट बघत होत्या. माझे डोळे भरून आले. ठरल्याप्रमाणे रडायचं होतं त्यांनी.

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तुला बोलले असते. तुझं काही नव्हतं. पण तू त्याला सांगितलं असतंस.” त्यांनी बोगद्याच्या दिशेने हनुवटी केली. “आणि त्याला लागलं असतं.”

“लागायचं काय त्यात? तो तर सुटला असता.”

आईंनी निषादच्या अंगावरची ओढणी सारखी केली.

“पहिलीत होता ना, तेव्हा मधल्या सुट्टीत पळून घरी यायचा. शाळा गल्लीच्या टोकालाच. आपण शाळेत आलो म्हणून आई घरात रडत बसली असणार, असं त्याने धरलेलं. ते बघायला यायचा. मी कसली रडतेय! सगळी जेवून पांगलेली, मी पेपर वाचत बसलेली असायचे. ते बघितलं की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. परत जाताना पाय ओढत जायचा. मग मी काय करायचे, खिडकीतून तो येताना दिसला की पेपर खाली ठेवायचा आणि डोळ्याला पदर लावायचा. तो यायचा, रडू नको म्हणायचा, माझ्या पाठीवरून हात फिरवायचा आणि उड्या मारत शाळेत जायचा.”

आई चहा पीत राहिल्या.

“आणि बॅगा?” मी शेवटी विचारलं.

“बॅगांचं काय?”

“तुम्ही दर वेळी बॅगांपाशी...”

“मग?” आई म्हणाल्या. “तेवढंच तर मला मिळतं. तुम्ही सगळे समुद्रात जाता. तासभर कुणी हाक मारत नाही. म्हणून तर मी येते सहलीला.”

गणपतीपुळ्याहून परत येताना गाडीत केलेली सगळी हळहळ मला आठवली. तेव्हा आई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या आणि आम्ही म्हणत होतो, दमल्या बिचाऱ्या.

तेवढ्यात श्रीरंग आला. केस उभे होते, शर्ट होडीच्या पाण्याने भिजलेला होता, पाय एका रेषेत पडत नव्हते. पण या वेळी तो काहीतरी ठरवून येत होता, हे लांबूनही कळत होतं. बहुतेक सगळे पाळणे संपले असावेत.

“तो सांगेल आता,” आई हळूच म्हणाल्या. “सांगू दे. तू मध्ये बोलू नकोस.”

त्यांनी पुरवणीची घडी घालून उशीखाली सारली. तो समोर येऊन मांडी घालून बसला आणि जमीन हलत असल्यासारखा दोन्ही हात टेकून राहिला.

“आई.”

“काय रे?”

“मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“पाणी देऊ?”

“नको.” त्याने सगळं सांगितलं. फ्लॅट, ताबा, शाळा. सांगताना त्याने एकदाही माझं नाव घेतलं नाही. सगळं मीच ठरवलं, असं म्हणाला. ते खोटं होतं आणि त्याबद्दल त्या दिवशी मला त्याचं फार प्रेम वाटलं.

आई ऐकत होत्या. त्यांनी कितव्या मजल्यावर म्हणून विचारलं. पिवळ्या रंगाचं काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पदर डोळ्याला लावला.

“आई, रडू नको,” श्रीरंग म्हणाला. तो गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. “अगं, कुठे लांब जातोय? दर रविवारी येऊ आम्ही.”

पदराआडून आईंनी माझ्याकडे पाहिलं.

“दर रविवारी कशाला दगदग,” त्या भरल्या आवाजात म्हणाल्या. “मुलांच्या परीक्षा असतात.”

“निषाद तीन वर्षांचा आहे, आई. येणार म्हणजे येणार. सकाळीच येऊ.”

“बरं,” आई म्हणाल्या. “दुपारी या. ऊन उतरल्यावर.”

श्रीरंगच्या अंगावरून ओझं उतरलेलं दिसत होतं. त्याच्या तोंडावर जरा रंगही आला. तो उठला, सगळ्यांना आइस्क्रीम आणतो म्हणाला, चार पावलं टाकली, थांबला, आणि सगळ्या दिवसाचे पाळणे एकदम आठवल्यासारखा धावत खोट्या डोंगराच्या मागे गेला. तिकडून बराच वेळ आवाज येत राहिले.

“जाऊन बघू का?” मी विचारलं.

“होऊ दे. मोकळं झालं की येईल.”

आईंनी पदर नीट केला, उशीखालून पुरवणी काढली. मी त्यांच्याकडे बघत होते.

“छान जमलं तुम्हाला,” मी म्हणाले. मला अजून थोडा राग होता.

आई पेन्सिल शोधत होत्या. ती निषादच्या पाठीखाली सापडली. डोळे अजून ओले होते आणि पुसायची त्यांना काही घाई नव्हती.

“पहिलीत असतानासुद्धा रोज नाटक नसायचं,” त्या म्हणाल्या.

आम्ही मेअखेर विश्रामबागेत राहायला गेलो. रविवारचं पुढे आपोआप पंधरा दिवसांवर आलं. श्रीरंग आजही हळहळतो की आईला तेव्हा फार लागलं. मी त्याला काही सांगितलेलं नाही. मायालोकातली ती दुपार मात्र मला कायमची लक्षात राहिली. मुलं घोरत होती, डोंगरातून गाणं वाजत होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या बाईजवळ बसून राहावंसं वाटत होतं.

“तू जा की,” आई म्हणाल्या. “एखाद्या पाळण्यात बसून ये. बॅगांपाशी मी आहे.”

“नको. मी बसते इथेच.”

त्यांनी कोड्यावरून मान वर केली. एक बॅग उचलून पलीकडे ठेवली आणि चटईवर मला जागा करून दिली.

“बस मग,” त्या म्हणाल्या. “पण बोलू नकोस.”